गावाचे आकडे आणि संगणकाचा पडदा

ग्रामविकासाचा कोणताही आराखडा अखेर आकड्यांवर उभा असतो. अंगणवाडीतील बालकांची वजने, शाळेचा हजेरीपट, ग्रामपंचायतीची करवसुली अशा नोंदी गावोगावी नित्य होत असतात व त्या वरिष्ठ कार्यालयाकडे जात असतात. या नोंदींचा विचार गावातही व्हावा, यासाठी आज संगणकावरील सांख्यिकी प्रणाली हाताशी आहेत. शिक्षक, ग्रामसेवक अथवा पंचायत सदस्य यांना त्यांचा प्रारंभिक परिचय व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समाजशास्त्रीय संशोधनासाठी ‘एसपीएसएस’ ही प्रणाली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६८ साली तयार झाली. ती आजही प्रचारात आहे, परंतु तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. तिच्याच धर्तीवर ‘जीएनयू’ प्रकल्पातून तयार झालेली ‘पीएसपीपी’ ही प्रणाली मात्र विनामूल्य मिळते. शाळेतील वा पंचायतीतील साध्या संगणकावरही ती चालते. म्हणून येथे तिचाच विचार केला आहे.

प्रकाशा येथील मातीचा धडा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेले प्रकाशा हे गाव ‘दक्षिण काशी’ म्हणून सर्वांना परिचित आहे. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे बी. के. थापर यांनी येथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर उजेडात आले. अशा उत्खननात प्रत्येक खापर कोणत्या थरात सापडले, याची नोंद त्याच वेळी केली जाते. ती नोंद हरवली, तर खापर हाती राहते, पण त्याचा इतिहास जातो. आकड्यांचेही तसेच आहे. ‘१२’ हा आकडा किलोचा, वर्षांचा की घराच्या क्रमांकाचा, हे सांगणारी नोंद सोबत नसेल, तर त्याला काही मोल उरत नाही. पीएसपीपीची सारी रचना याच तत्त्वावर आधारलेली आहे.

पडद्यावरील दोन पाने

प्रणाली उघडताच आडव्या-उभ्या घरांचा एक कोरा तक्ता समोर येतो. त्याच्या खालच्या बाजूस दोन पानांची नावे दिसतात : ‘डेटा व्ह्यू’ आणि ‘व्हेरिएबल व्ह्यू’. पहिले पान आकडे भरण्याचे. त्यात प्रत्येक आडवी ओळ म्हणजे एक बालक, एक घर किंवा एक विहीर, आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे तिच्याविषयीची एक बाब. दुसरे पान त्या बाबींचा अर्थ सांगण्याचे. नवशिक्याचा हात साहजिकच पहिल्या पानाकडे जातो. परंतु कामाचा आरंभ दुसऱ्या पानापासून करणे हितावह होय.

‘व्हेरिएबल व्ह्यू’मध्ये प्रत्येक बाबीस रोमन लिपीत एक आटोपशीर नाव द्यावे आणि ‘लेबल’ या रकान्यात तिचे पूर्ण वर्णन लिहावे. हे वर्णन देवनागरीतही लिहिता येते. ‘व्हॅल्यू लेबल्स’ या रकान्यात सांकेतिक अंकांचा अर्थ नोंदवावा. उदाहरणार्थ, १ म्हणजे मुलगी, २ म्हणजे मुलगा. ‘मेझर’ या रकान्यात बाब केवळ नावापुरती आहे, क्रमवार आहे की मोजमापाची आहे, ते सांगावे. पाड्यांना क्रमांक दिले, म्हणून त्यांची सरासरी काढता येत नाही. बालकांच्या नावांऐवजी अनुक्रमांक वापरावेत, म्हणजे कोणाची खाजगी माहिती उघड होणार नाही.

शून्य आणि ‘नोंद नाही’

या पानावरील ‘मिसिंग व्हॅल्यूज’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि बालकेही त्यांच्यासोबत जातात. समजा, सुमारे तीन वर्षे वयाच्या दहा बालकांपैकी दोन अशी परगावी आहेत. उरलेल्या आठांची वजने १०, ११, ११, १२, १२, १३, १३ व १४ किलो आहेत. त्यांची सरासरी १२ किलो येते.

आता गैरहजर बालकांपुढे कोणी ९९ लिहिले आणि ते संकेतचिन्ह आहे हे प्रणालीस सांगितले नाही, तर सरासरी २९.४ किलो होईल. ही चूक कोणाच्याही लक्षात येईल. परंतु त्याच जागी शून्य लिहिले, तर सरासरी ९.६ किलो येईल. हा आकडा खरा वाटण्याजोगा आहे, आणि म्हणूनच अधिक घातक आहे. त्यावरून गावातील बालकांचे वजन घटल्याचा अहवाल जाईल. आणि ज्या दोन बालकांचा शोध घ्यावयास हवा होता, ती त्या सरासरीत दिसेनाशी होतील.

यावर उपाय सोपा आहे. ‘स्थलांतरित’ यासाठी ९९ व ‘गावात असून वजन घेतले नाही’ यासाठी ९८ असे, प्रत्यक्ष वजनात कधीही न येणारे अंक ठरवावेत. ते ‘मिसिंग व्हॅल्यूज’मध्ये नोंदवावेत आणि ‘व्हॅल्यू लेबल्स’मध्ये त्यांचा अर्थ लिहावा. मग प्रणाली त्यांना सरासरीतून वगळते, पण विसरत नाही.

पहिला तक्ता

आकडे भरून झाल्यावर वरच्या पट्टीतील ‘अ‍ॅनालाइझ’ या नावाखाली ‘डिस्क्रिप्टिव्ह स्टॅटिस्टिक्स’ व त्यात ‘फ्रिक्वेन्सीज’ निवडावे. हवी ती बाब निवडून ‘ओके’ म्हणताच निष्कर्षांची वेगळी खिडकी उघडते. तीत सरासरीआधी ग्राह्य व अग्राह्य नोंदींची संख्या पाहावी. आठ बालकांच्या सरासरीस दहांची सरासरी म्हणता येणार नाही. दिवाळीपूर्वीची व नंतरची सरासरी ताडून पाहताना तर ही संख्या शेजारी असलीच पाहिजे. वजने न बदलता केवळ बालके परगावी गेल्यानेही सरासरी बदलू शकते.

त्यानंतर ‘क्रॉसटॅब्स’कडे वळावे. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३ टक्के होती, तर नंदुरबार जिल्ह्याची ६४.४ टक्के. राज्याच्या एका आकड्यात जिल्हा झाकला जातो, तसाच गावाच्या एका आकड्यात पाडा झाकला जातो. ‘क्रॉसटॅब्स’मुळे पाड्यानुसार व मुलगा-मुलगी भेदानुसार मांडणी होते आणि मदत नेमकी कोठे हवी, ते समजते.

आकड्यांचा तक्ता व निष्कर्षांची खिडकी वेगवेगळ्या जतन कराव्या लागतात, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक चौकटीतील ‘पेस्ट’ हे बटण दाबल्यास दिलेली आज्ञा लेखी स्वरूपात मिळते. ती जपून ठेवली, तर पुढील महिन्यात तेच काम त्याच रीतीने करता येते आणि दुसऱ्यालाही ते तपासता येते.

गणित संगणक क्षणार्धात करील. परंतु रिकाम्या घराचा अर्थ गावातील माणसालाच ठाऊक असतो. तो अर्थ अंगणवाडी सेविका, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून आधी लिहून ठेवावा. ग्रामसभेपुढे मग सरासरीबरोबर परगावी गेलेल्या बालकांची संख्याही ठेवता येईल, आणि त्यांच्या आहाराची व शिक्षणाची सोय करण्याचा विचार तेथूनच सुरू होईल.