हवेचं स्वतःचं शून्य

वायूंचं समीकरण अकरावी-बारावीच्या मुलांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं: पीव्ही बरोबर एनआरटी. दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा वायूचे मोल, एक स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराइतका असतो. अडतं ते शेवटच्या अक्षरापाशी. तिथे अंश सेल्सिअस घातले की उत्तर चुकतं. 'केल्विन करा, २७३ मिळवा' एवढं सांगून वर्ग पुढे सरकतो. माझ्या मते या धड्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट त्या २७३ मध्येच आहे, आणि नेमकी तीच मुलांना सांगायची राहून जाते.

सेल्सिअसचं शून्य माणसाने आपल्या सोयीने ठरवलं: पाणी गोठतं ते तापमान. हवेला पाण्याच्या गोठण्याशी काही देणंघेणं नाही. म्हणूनच ४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट गरम, असं म्हणता येत नाही.

हवेचं शून्य कुठे आहे, हे हवेलाच विचारावं लागलं. रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये दाखवलं की तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला की आकारमान निम्मं होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये गियोम आमोंतोंच्या लक्षात आलं की कोंडलेल्या हवेचा दाब थंडीबरोबर ठरावीक प्रमाणात उतरत जातो. म्हणजे पुरेशी थंडी पडली तर तो उरणारच नाही. पुढे १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने निरनिराळे वायू तापवून पाहिले. सगळे सारख्याच प्रमाणात प्रसरण पावत होते. झाक चार्ल्सला हे सुमारे पंधरा वर्षं आधी दिसलं होतं, पण त्याने ते छापलं नव्हतं. गे-ल्युसॅकने श्रेय त्याला दिलं, म्हणून आज आपण 'चार्ल्सचा नियम' शिकतो. हा मोठेपणा विज्ञानाच्या इतिहासात फार वेळा दिसत नाही.

दाब स्थिर असेल तर तापमान एक अंशाने उतरताना वायूचं आकारमान शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या २७३ व्या भागाने घटतं. आलेखावरची ही रेषा मागे वाढवत नेली की ती उणे २७३.१५ अंशांवर शून्याला टेकते. प्रत्यक्षात कुठलाही वायू तिथवर वायू राहत नाही. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना द्रव होतो, हेलियमसुद्धा उणे २६९ च्या आसपास. पण सगळ्यांच्या रेषा बोट दाखवतात एकाच ठिकाणाकडे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानश्रेणीची कल्पना मांडली. आजची केल्विन श्रेणी याच शून्यापासून मोजते.

या श्रेणीत तापमानाला खरा अर्थ येतो: ते वायूच्या रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेच्या प्रमाणात असतं. २७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ३०० केल्विनच्या खोलीत नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावत असतात, आवाजापेक्षाही जलद. त्यांच्या धडका म्हणजेच दाब.

उष्णता ही गोष्ट वेगळी. एक किलो पाणी ३० वरून १०० अंशांपर्यंत न्यायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी २२५७ किलोज्यूल लागतात, सातपटींहून जास्त, आणि तेवढ्या वेळात तापमापी जागचा हलत नाही. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो तो या साठ्यामुळे.

आता समीकरण रस्त्यावर आणू. सकाळी २५ अंशांना टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरली. पंपावरचा काटा फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे १४.७ मिळवले की ४६.७. दुपारी धावून टायरमधली हवा ६० अंशांवर गेली. सेल्सिअसनेच गुणलं तर दाब ११२ येईल, म्हणजे टायर फुटलाच पाहिजे! केल्विनने २९८ चे ३३३ झाले. दाब ५२ झाला आणि काट्यावर दिसले सुमारे ३७. ही वाढ नैसर्गिक आहे आणि गाडीच्या कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरसाठीच असतो. तेव्हा उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघताना हवा सकाळी, गाडी धावण्याआधी तपासा आणि वाटेत तापलेल्या टायरमधून हवा कमी करू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटण्याचा धोका वाढतो.