शौर्यपदक फक्त साहेबांनाच मिळतं?

काल कागलच्या स्टँडजवळ भरतीची तयारी करणारा एक पोरगा म्हणाला, "पदकं काय, ऑफिसरलाच मिळतात." चहा गार झाला, पण नाईक यशवंत घाडगे कोण हे सांगितल्याशिवाय त्याला सोडलं नाही.

इन्फंट्रीतली छोटी तुकडी म्हणजे सेक्शन, साधारण दहा जवानांची. तिचा कमांडर हवालदार किंवा नाईक, म्हणजे ऑफिसर नव्हे. हा लांबून हुकूम सोडत नाही, पोरांबरोबर गोळीबारातच असतो.

घाडगे माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांचं सगळं सेक्शन मेलं किंवा जखमी झालं. उरले एकटे घाडगे. धावत जाऊन त्यांनी ग्रेनेड टाकला, गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं लोळवलं. मग स्नायपरच्या गोळ्या लागून तिथंच गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

परमवीर चक्रालाही हुद्द्याची अट नाही. १९४८ मध्ये नौशेराजवळ नऊ जणांची चौकी लढवणारे जदुनाथ सिंह नाईकच होते.

हुद्दे, पदकं, काहीही विचारा. माहीत असेल ते सांगतो.