एक आकाश, अनेक सर्व्हर

हजारो माणसं एकाच वेळी वावरतात असं आभासी जग एका संगणकाला पेलत नाही. बरेच ऑनलाइन खेळ म्हणून जगाच्याच प्रती काढतात: तुम्ही एका प्रतीत, मित्र दुसरीत, भेट नाहीच. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये आणलेल्या 'ईव्ह ऑनलाइन'ने ही सोपी वाट टाळली. चीन वगळता सगळे खेळाडू एकाच विश्वात असतात. मला याचं फार कौतुक वाटतं.

त्यातल्या सात हजारांहून अधिक सूर्यमाला सर्व्हरांत वाटलेल्या आहेत. सामसूम सूर्यमाला एकाच सर्व्हरवर दाटीवाटीने नांदतात, गजबजलेलीला जोरकस यंत्र मिळतं. यानाने एकीतून दुसरीत उडी घेतली की त्याची नोंद एक सर्व्हर दुसऱ्याच्या हवाली करतो. पडद्यावर दिसतो तो फक्त प्रवास.

पंचाईत होते ती सगळे एकाच जागी जमले की. २०० जणांपैकी प्रत्येकाची हालचाल उरलेल्या १९९ जणांना कळवायची, म्हणजे ३९,८०० निरोप. माणसं दुप्पट झाली की निरोप जवळपास चौपट! आणि कोणाचा गोळा आधी लागला हे एकाच ठिकाणी ठरावं लागतं, त्यामुळे लढाई चटकन दोन यंत्रांत वाटून देता येत नाही.

मग वेळच ताणली जाते. भार वाढेल तसं खेळातलं घड्याळ मंदावतं, पार दहा टक्के वेगापर्यंत. जानेवारी २०१४ मधली 'बी-आर५आरबी' या सूर्यमालेतली लढाई अशीच सुमारे २१ तास चालली. सेकंदाच्या हालचालीला दहा सेकंद लागत होते, तरी हजारो खेळाडू जागचे हलले नाहीत.