युद्धकालीन जीप आणि तिचे जीर्णोद्धारक

जुनी लष्करी वाहने शोधून काढावी, त्यांचा जीर्णोद्धार करावा आणि ती चालत्या स्थितीत लोकांपुढे आणावी, हा छंद पाश्चात्त्य देशांत गेल्या अर्धशतकात चांगलाच रुजला आहे. त्यात रणगाड्यांपासून रुग्णवाहिकांपर्यंत आणि मोटारसायकलींपासून तोफा ओढणाऱ्या ट्रॅक्टरांपर्यंत सर्व प्रकारची यंत्रे येत असली, तरी या छंदाचे महाद्वार म्हणून ज्या वाहनाकडे बोट दाखवावे लागते ते म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील पाव टनी जीप. रणगाडा बाळगायचा तर वाडा आणि वतन दोन्ही हवे. जीप मात्र बेताच्या मिळकतीच्या गृहस्थाच्या पडवीतही सुखाने राहते आणि सुट्टीच्या दिवशी त्याच्याच हातांनी खोलली व जोडली जाते. म्हणूनच या छंदाचे गुणदोष, त्यामागची निष्ठा आणि त्यातील वादाचे मुद्दे पाहायचे असतील, तर ते जीपच्या निमित्ताने पाहणे सोयीचे ठरते.

या गाडीचा जन्म घाईगर्दीत झाला. 1940 च्या जुलैमध्ये, फ्रान्सचा पाडाव होऊन काही आठवडेच लोटले असताना, अमेरिकेच्या सैन्याने 135 कारखानदारांकडे टेहळणीच्या हलक्या गाडीची मागणी पाठविली आणि पहिला नमुना 49 दिवसांत हजर करण्याची अट घातली. ही अट पाहून बहुतेकांनी हात आखडता घेतला. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील बँटम या डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्याने मात्र ती पत्करली. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने अवघ्या दोन दिवसांत आराखडा रेखाटला, आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी, मुदत संपण्यास अर्धा तास उरला असताना, पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड येथील लष्करी तळावर दाखल झाली. पुढे बँटमचे आराखडे विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनाही दाखविण्यात आले; 1941 मध्ये मोठे कंत्राट विलिसला मिळाले, त्याच आराखड्यावर फोर्डनेही गाड्या घडविल्या, आणि ज्याने बीज पेरले त्या बँटमच्या वाट्याला मुख्यतः जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. युद्ध संपेपर्यंत या दोन कारखान्यांतून मिळून सव्वासहा लाखांवर जीपगाड्या बाहेर पडल्या होत्या.

यंत्र म्हणून पाहिले तर जीपमध्ये लपविण्यासारखे काहीच नाही. चार सिलिंडरांचे 2.2 लिटरचे पेट्रोल इंजिन, साठ अश्वशक्ती, चारही चाकांना शक्ती पोचविणारी रचना, सहा व्होल्टची विद्युत्-व्यवस्था, पुढच्या व मागच्या चाकांत ऐंशी इंचांचे अंतर आणि सुमारे अकराशे किलो वजन, एवढ्यात तिचे वर्णन आटोपते. परंतु जवळ जाऊन न्याहाळावे तसतशी या साधेपणामागची विचारशीलता उलगडू लागते. पुढचा दिवा एक पाकळीदार नट सैल करून मागे फिरविता येतो, म्हणजे त्याच्याच उजेडात रात्री इंजिनाची दुरुस्ती करता यावी. कुऱ्हाड आणि फावडे चालकाच्या बाजूला, बाहेरच्या पत्र्यावर, उतरताच हाती लागतील असे बांधलेले असतात. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत हत्यारांचे कप्पे बसविलेले असतात. आणि पेट्रोलची पंधरा गॅलनांची टाकी असते ती थेट चालकाच्या बैठकीखाली. दार नाही, पक्के छप्पर नाही, आणि बैठकीखाली पेट्रोल! युद्धावरचे मोठमोठे ग्रंथ वाचूनही सैनिकाच्या जिवाची जी किंमत नीटशी उमगत नाही, ती या आसनावर घटकाभर बसले असता कोणी न सांगता उमगते.

युद्ध संपल्यावर या गाड्या जगभर विकल्या गेल्या. कोणी त्या शेतीला जुंपल्या, कोणी जंगलातील लाकूड ओढण्यास लावल्या, आणि पुष्कळशा भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्यांच्याकडे ऐतिहासिक वस्तू म्हणून पाहण्याची दृष्टी येण्यास एक पिढी जावी लागली. अमेरिकेत 1976 मध्ये लष्करी वाहनांच्या जतनासाठी छंदिष्टांची संघटना स्थापन झाली; बार्ट व्हँडरव्हीन यांच्यासारख्या अभ्यासकांनी युद्धकालीन वाहनांच्या सूची सिद्ध करून या छंदाला शिस्त लावली. दरवर्षी जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 1944 च्या स्वारीच्या स्मरणार्थ जुन्या वाहनांचे तांडे उतरतात. 1919 साली अमेरिकन सैन्याचा एक मोटार-काफिला वॉशिंग्टनहून निघून 62 दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोला पोचला होता, आणि त्यात तरुण आयझेनहॉवर हेही होते. त्या प्रवासाच्या स्मरणार्थ 2009 मध्ये अमेरिकन संघटनेच्या सभासदांनी आपल्या जुन्या गाड्या पुन्हा त्या मार्गाने नेल्या. केवळ हौसेचे प्रदर्शन मांडायचे असते, तर एवढ्या वयाच्या यंत्रांना खंडभर दौडविण्याचे कष्ट कोणी उपसले नसते. गाडी चालते तेव्हाच ती आपले पूर्ण वृत्त सांगते, ही या मंडळींची श्रद्धा त्यामागे आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे यावयाचे, तो असा, की जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय? जुन्या गाडीचा गंज काढला, पुट्टी भरली, चकचकीत हिरवा रंग दिला आणि बॉनेटवर पांढरा तारा रेखाटला म्हणजे जीर्णोद्धार झाला, असा एक ढोबळ समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः सैन्याचा मूळ हिरवा रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला असे, कारण चमकणारा पत्रा शत्रूच्या विमानाला दुरूनच दिसतो. चकाकी आणणारा मालक गाडीला सजवितो खरा. पण त्याच हाताने तो तिची साक्ष पुसून टाकीत असतो.

ही साक्ष जपण्याची रीत कशी असावी, हे पोथ्यांच्या संपादनावरून चांगले कळते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1919 पासून 1966 पर्यंत सिद्ध होत होती, आणि डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या संपादकांनी त्या कार्यास जी शिस्त घालून दिली, तिचे सार असे सांगता येईल, की मिळालेल्या पोथ्या परस्परांशी ताडून पाहाव्या, उत्तरकालीन भर वेगळी काढावी, पण काढलेले काहीही फेकून न देता तळटीपेत वा परिशिष्टात नोंदवून ठेवावे. मला तर वाटते, की उत्तम जीर्णोद्धारक हा लोखंडाचा पाठचिकित्सकच असतो. बॉनेटवरचा रंग तो एकदम खरवडीत नाही. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, तळहाताएवढ्या जागेवर, हलक्या हाताने एकेक थर उतरवीत जातो. वरचा थर नव्या मालकाचा, त्याखालचा एखाद्या सरकारी खात्याचा, त्याखाली आणखी कोणाचा, आणि अगदी तळाशी, दैव अनुकूल असेल तर, 20 या आकड्यांनी सुरू होणारा अमेरिकन सैन्याचा नोंदणी-क्रमांक निळसर वा पांढऱ्या अक्षरांत दिसू लागतो. प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावयाचे, रंगाचा नमुना राखावयाचा आणि मगच पुढच्या थराला हात लावावयाचा, हा त्याचा शिरस्ता.

सुट्या भागांच्या बाबतीतही हीच चिकित्सा चालते. विलिसच्या चासीतील पुढचा आडवा दांडा नळीसारखा गोल असतो, तर फोर्डच्या चासीत त्या जागी चौकोनी घडणीची पट्टी असते. विलिसच्या आरंभीच्या गाड्यांना पुढची जाळी लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडून केलेली असे. साच्यात दाबून काढलेली पत्र्याची जाळी फोर्डने आणली व पुढे विलिसनेही स्वीकारली. शिवाय फोर्डने आपला नग ओळखता यावा म्हणून बारीकसारीक भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, आपले आद्याक्षर उमटविले आहे. साहजिकच या आद्याक्षराचे बोल्ट वर्षानुवर्षे वेचून, गाडीचा कणन् कण एकाच कारखान्याचा करण्याची ईर्षा बाळगणारे मालक पुष्कळ आहेत. त्यांच्या चिकाटीविषयी मला आदर वाटतो. पण दोन्ही कारखान्यांचे भाग परस्परांच्या गाड्यांना बसले पाहिजेत हा सैन्याचाच हुकूम होता, आणि रणभूमीमागच्या दुरुस्ती-तळांवर हाती येईल तो भाग बसवून गाडी पुन्हा रवाना केली जात असे. मग 1944 च्या युद्धातून तावून-सुलाखून निघालेल्या जीपमध्ये दोन्ही कारखान्यांचे भाग एकत्र नांदत असतील, तर ती सरमिसळ हाच तिचा अस्सल पाठ होय, आणि ती निवडून काढणे म्हणजे शुद्धीच्या नावाखाली इतिहासात नवी भर घालणे होय.

हा पेच मोठ्या यंत्रांनाही चुकत नाही. ब्रिटिशांनी एप्रिल 1943 मध्ये ट्यूनिशियात पकडलेला जर्मन टायगर रणगाडा, क्रमांक 131, आज इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या रणगाडा-संग्रहालयात आहे. त्याचे मूळ इंजिन अभ्यासासाठी कापून उघडे केले गेले होते. म्हणून तो पुन्हा चालता करताना संग्रहालयातील दुसऱ्या, त्याहून अवजड अशा जर्मन रणगाड्याचे इंजिन त्याला बसविण्यात आले. कोणी म्हणेल, की यामुळे त्याची शुद्धता भंगली. पण ही गोष्ट त्या संग्रहालयाने लपविलेली नाही, आणि जीर्णोद्धाराची खरी कसोटी बदल केला की नाही यात नसून तो प्रामाणिकपणे नोंदविला की नाही यात आहे.

आपल्याकडे जीपचे नाते केवळ परदेशी छंदाचे नाही. जानेवारी 1945 मध्ये आसामातील लेडोहून निघालेला पहिला काफिला ब्रह्मदेशमार्गे चीनमधील कुनमिंगला पोचला, तेव्हा त्या डोंगरी रस्त्याने जीपगाड्याही धावल्या. आणि युद्धानंतर 1949 मध्ये मुंबईच्या माझगावात महिंद्रांच्या कारखान्यात सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागली. पुढे आलेली उंच बॉनेटची सीजे-3बी तर तहसील कचेरीपासून ऊस कारखान्यापर्यंत इतकी सर्वपरिचित झाली, की तिला इतिहास आहे याचाच लोकांना विसर पडला. सैन्यातही जीपने पराक्रम पाहिला: सप्टेंबर 1965 मध्ये असल उत्तरच्या लढाईत हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या 106 मिलिमीटर तोफेने पॅटन रणगाडे निकामी केले आणि मरणोत्तर परमवीरचक्र मिळविले. असे पॅटन रणगाडे पाहावयाचे असतील, तर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे चिलखती दलाने 1994 मध्ये उभारलेले रणगाडा-संग्रहालय अवश्य पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या काळातील रोल्स-रॉइस चिलखती गाडीपासून विजयंता रणगाड्यापर्यंतचा तेथील संग्रह आशिया खंडात विरळा आहे.

भारतीय जीपचा जीर्णोद्धारक मात्र आणखी एका पेचात सापडतो. पेट्रोल महागल्यावर असंख्य गाड्यांना डिझेल इंजिने बसली, पत्र्याचा सांगाडा गावच्या मिस्त्र्याने नवा ठोकला, आणि मूळ नोंदी दप्तरात गहाळ झाल्या. त्यातच बाजारात नागरी जीपला ताऱ्याचे चित्र काढून ती युद्धकालीन म्हणून विकण्याचे प्रकार घडतात. जाणकार प्रथम पुढच्या जाळीच्या खाचा मोजतो, कारण युद्धकालीन जाळीला नऊ खाचा आणि युद्धोत्तर नागरी जीपला सात. मग तो चासीवरचा क्रमांक पाहतो आणि तेव्हा कुठे किमतीचे बोलणे काढतो. 2021 मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट घातली, हे योग्यच झाले. परंतु अस्सलपणाची खातरजमा शेवटी कायद्याने होत नाही, ती मालकाच्या सचोटीने होते.

या छंदावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, की तो युद्धाचे उदात्तीकरण करतो. गणवेश चढवून मिरविण्यातच ज्यांना धन्यता वाटते त्यांच्यापुरता हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु संहाराची साधने दृष्टीआड केल्याने संहार घडायचा थांबत नाही. उलट युद्धाचे प्रत्यक्ष रूप न पाहिलेल्या पिढीला ते चित्रपटातल्यासारखे मोहक वाटू लागते. जिच्या मूळ स्वरूपाला धक्का लागलेला नाही अशी जीप हा मोह पोसत नाही. तिचा खडबडीत हादरा, तिचे उघडेपण, तिच्या आसनाखालचे पेट्रोल ही सारी सैनिकाच्या बाजूची साक्ष आहे. आणि तिच्या प्रत्येक बोल्टात, रात्रपाळीत राबून ती घडविणाऱ्या कामगारांची साक्ष आहे. या दोघांच्याही बाजूने बोलणारे स्मारक क्वचितच आढळते.

म्हणून ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी असेल त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की रंगाऱ्याला बोलाविण्यापूर्वी एक जाड नोंदवही घ्यावी. चासीचा क्रमांक, प्रत्येक थराचा रंग, काढलेला आणि बसविलेला प्रत्येक भाग तीत तारीखवार उतरवावा. काढलेला भाग भंगारवाल्याला न देता चिठ्ठी बांधून ठेवावा. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारे आणि बुश लेथवर स्वतः कातणारे जे वृद्ध मिस्त्री अजून आपल्या गावोगावच्या गॅरेजांत आहेत, त्यांना मानाने बोलावून त्यांची विद्या त्याच वहीत लिहून घ्यावी, कारण सुटे भाग पुन्हा घडविता येतील, पण ही माणसे पुन्हा मिळणार नाहीत. गाडी पुढे विकली तर ही वही तिच्यासोबत जावी. एवढे केले, तर ज्याच्या हाती ती गाडी पुढे जाईल त्याला आपल्या कामाचा पडताळा घेता येईल, चुकले असेल ते दुरुस्तही करता येईल. आणि पूर्वजांच्या वस्तू सांभाळणाऱ्याने पुढच्या पिढीला एवढा अधिकार देणे हे त्याचे कर्तव्यच आहे.