पद्मिनीला ताप का येतो?

जुना मुंबई-पुणे रस्ता आठवला की बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाअलीकडे बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाटी आठवतात. कुणी चाकाला लावायला दगड शोधतंय, कुणी कॅन घेऊन पाण्यासाठी वणवण करतंय, मागच्या सीटवरची आजी पदरानं वारा घेतेय. फियाट म्हटलं की ती गरम होणारच, असं सगळे धरूनच चालत. गेली काही वर्षं एक पद्मिनी स्वतःच्या हातानं सांभाळतोय आणि माझं मत बदललंय. तिला ताप येतो तो बहुतेक वेळा आपल्यामुळे.

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसीचं, ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. खरी गोम इथंच आहे. दोन वेगळे धातू एकाच साध्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिले की अ‍ॅल्युमिनियम खात जातं आणि बीड गंजतं. त्यात पाणी बोअरचं असेल तर बंबात धरतो तसा क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. पाणी भरपूर असूनही उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरायचं. रस्त्यात नाइलाजानं नळाचं पाणी घातलं, तर घरी येऊन बदलायचं.

दुसरा अपराध थर्मोस्टॅटचा. आत मेण भरलेली ही छोटी झडप इंजिन पुरतं तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट अडवून ठेवते. ती बंद अवस्थेत अडकली की गाडी तापते, म्हणून कित्येक मेकॅनिक ती काढूनच टाकत. 'साहेब, आपल्या हवेत हिची गरजच नाही,' हे मीही ऐकलंय आणि मान डोलावलीय. मग इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त पितं, आतून लवकर झिजतं. खरं तर झडप तपासणं म्हणजे चहा करण्याइतकं सोपं. पातेल्यात पाणी घ्या, ती दोऱ्यानं टांगून सोडा आणि गॅस लावा. पाण्याला उकळी येण्याआधी उघडली पाहिजे. (पातेलं जुनं घ्या, नाहीतर घरात वेगळाच ताप.)

पण हत्यार हातात घेण्याआधी तापमानाचा काटा कुठं चढतो ते बघावं. पद्मिनीचा पंखा आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर, इंजिनच्याच जोरावर फिरतात. सिग्नलला इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. गर्दीत काटा चढून मोकळ्या रस्त्यावर उतरत असेल, तर खोट वाऱ्यात: बेल्ट सैल, नाहीतर रेडिएटरच्या जाळीत किडे आणि चिखल. सपाट रस्त्यावर वेगात किंवा चढावर काटा वर जात असेल, तर खोट बहुधा पाण्याच्या वाटेत. गर्दीत अडकल्यावर न्यूट्रलला टाकून थोडी रेस दिली की पंखा जोरात फिरतो आणि काटा खाली येतो. ही युक्ती मला एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्यानं शिकवली. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला थांबली. असे गुरू आता कुठं भेटायचे?

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. ते आत दाब धरतं, म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढेही उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो. महाबळेश्वरच्या उंचीवर तर पाणी पंच्याण्णवच्या आसपासच उकळतं. मात्र गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नये. वाफेनं तोंड भाजतं.

नळ्या आतून चोंदल्या असतील तर मी रेडिएटर काढून कारागिराकडे देतो. वरची टाकी उघडून सळी फिरवायची आणि पुन्हा डाख द्यायचा, हे माझं काम नव्हे. होज, बेल्ट, झाकण आणि थर्मोस्टॅट मात्र घरीच. काढलेलं कूलंट डब्यात साठवावं. ते विषारी, पण चवीला गोड असतं. गल्लीतली कुत्री चाटतात.

शेवटी भरणं. थंड इंजिनात सावकाश ओतायचं, झाकण न लावता गाडी सुरू ठेवायची. बुडबुडे येतात, पातळी खाली जाते, पुन्हा ओतायचं. मी पंख्यापासून हात लांब ठेवून वरच्या होजला बोट लावून बसतो. दहाएक मिनिटं तो कोमटच असतो. मग एकाएकी चटका बसतो. थर्मोस्टॅट उघडलेला असतो. मी झाकण लावतो.