कमी किरणांत स्वच्छ सीटी स्कॅन : घाबरू नका, विचारा

पालकसभा संपल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलाची अम्मी थांबली. मुलाच्या छातीचा सीटी स्कॅन करायला सांगितलाय. पण "त्या मशीनने कॅन्सर होतो" असं शेजारणीने सांगितलं आणि घरात कुणीच तयार होईना. डॉक्टरांची चिठ्ठी आठ दिवस कपाटात पडून. आगाशीत अशी चिठ्ठी एकाच घरात नसणार, म्हणून हा विषय इथे मांडतो आहोत.

आधी हे सांगू की भीती अगदीच खोटी नाही. छातीच्या साध्या एक्स-रेमधून साधारण 0.1 मिलिसिव्हर्ट किरणं अंगात जातात, नेहमीच्या सीटी स्कॅनमधून सुमारे 6 ते 7. जमीन, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एका स्कॅनचा धोका लहान आहे. पण मुलांच्या वाढत्या शरीराला तो मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

मग किरणं कमी करायची ना? करता येतात, पण चित्र बिघडतं. मगरिबनंतर अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मोबाईलने फोटो काढा, कमी उजेडात तो दाणेदार येतो. तसंच इथे होतं. किरणं चौथ्या हिश्श्यावर आणली की दाणे दुप्पट होतात आणि बारीक गाठ त्यात लपू शकते.

इथे कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, कामाला येते. संगणकाला हजारो चित्रांच्या जोड्या दाखवतात : एक दाणेदार, दुसरं स्वच्छ. त्यातून दाणा कोणता आणि शरीराचा खरा भाग कोणता, हे तो शिकतो. आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं पेपर तपासून गिचमिड अक्षर वाचायला शिकतो, तसंच हे. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2019 मध्ये अशा तंत्राच्या सीटी यंत्रांना मान्यता दिली. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलमध्येही मुलांच्या सीटी स्कॅनमधली किरणं कमी ठेवण्यासाठी एआयची मदत घेतली जाते.

पण पेपर तपासताना कधीकधी मुलाने न लिहिलेलं उत्तरही आपल्याला दिसतं, कारण आपण त्याचीच वाट बघत असतो. एआयचीही हीच खोड. दाणे पुसताना बारीक खूण पुसली जाऊ शकते, किंवा नसलेली दिसू शकते. म्हणून शेवटचा शब्द रेडिओलॉजिस्टचाच.

आपण काय करायचं? डॉक्टरांना विचारा : सोनोग्राफी किंवा एमआरआयने काम होईल का? त्या दोन्हींत ही किरणं नसतात. स्कॅन सेंटरवर विचारा : मशीन मुलाच्या वजनाप्रमाणे लावणार का? जुन्या स्कॅनची फिल्म आणि सीडी बरोबर न्या, म्हणजे तोच स्कॅन पुन्हा होणार नाही. पोटात बाळ असेल तर आधीच सांगा, लाजू नका. आणि एवढं विचारूनही डॉक्टर स्कॅन गरजेचा म्हणत असतील, तर तो टाळू नका. न कळलेला आजार त्या किरणांपेक्षा जास्त नुकसान करतो.

त्या अम्मीला आम्ही हेच प्रश्न एका कागदावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत नव्हता. चिठ्ठी कपाटातून निघाली होती.