टाकी, वात आणि तार

आजचा विषय नवा आहे, पण त्याची किल्ली आपणा प्रत्येकाच्या देवघरात आहे. निरांजनात तूप असते आणि तुपात वात असते. तूप आहे तोवर वात तग धरते, कारण जळते ते तूप. वात फक्त ते वर ओढून देते. तूप संपले की मग मात्र वात स्वतःच जळू लागते, काळी पडते आणि घरभर करपट वास सुटतो. हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. एवढे ध्यानात असू द्या. पुढचे पुष्कळसे यातूनच उलगडणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जागी आता चार मजली इमारत उभी आहे. तिथले एक शेजारी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्याकडे आले. रुमालात गुंडाळलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. मार्कर पेनाएवढी जाड, खाली धातूची नळी, वर काचेची इवलीशी टाकी आणि टोकाला तोटी. नववीतल्या मुलाच्या दप्तरात ती सापडली होती. ते म्हणाले, "सर, हा म्हणतो की ही सिगारेट नव्हेच. यात धूर नसतो, नुसती वाफ असते. खरं काय ते तुम्हीच सांगा. आणि याचा खोकला महिनाभर जात नाहीये."

मी शिकवतो तर्कशास्त्र, यंत्रातले मला फारसे कळत नाही. परंतु 'नुसती वाफ' हे विधान झाले, आणि विधान तपासून पाहता येते. दुसऱ्या दिवशी आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या एका सहकाऱ्यांना मी ती वस्तू दाखवली आणि त्यांनी ती उलगडून दाखवली. हिलाच ई-सिगारेट म्हणतात. मुलांच्या बोलीत 'व्हेप'. चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञाने २००३ साली तिला आजचे रूप दिले. तिचे काही प्रकार एकदा वापरून टाकून द्यायचे असतात, काही पुन्हा पुन्हा भरता येतात. आमच्यापुढे होती ती भरायची.

तिचे भाग चार. पहिला भाग टाकी. तीत दोन ते पाच मिलिलिटर द्रव मावतो. हा द्रव म्हणजे मुख्यतः थंडीत आपण ओठांना लावतो ते ग्लिसरीन आणि त्याचेच एक पातळ भावंड, प्रॉपिलीन ग्लायकॉल. त्यात आंब्याचा नाही तर पुदिन्याचा स्वाद, गोडी आणि बहुधा निकोटीन, म्हणजे तंबाखूतले व्यसन लावणारे द्रव्य. दुसरा भाग वात, साध्या कापसाची. तिसरा भाग तार. विजेच्या शेगडीत तापून लाल होते तशाच जातीची, पण केसासारखी बारीक, वातीभोवती वेटोळे घातलेली. यालाच कॉइल म्हणतात. चौथा भाग बॅटरी, मोबाइलमध्ये असते तशा लिथियमची.

आता थोडे गणित. शिक्षक मित्रांना ते फळ्यावर मांडता येईल. बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट आणि तारेचा विरोध १ ओहम धरला, तर दाबाचा वर्ग भागिले विरोध, म्हणजे जवळजवळ १४ वॅट होतात. आपल्याकडचा जुना झिरोचा दिवा १५ वॅटचा असे. तेवढी वीज येथे तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या जागेत खर्च होते. काही यंत्रांत तर ती बटण दाबून ४०-५० वॅटपर्यंत चढवता येते.

वात ओली असते तोवर ही उष्णता द्रव उकळण्यात खर्ची पडते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन २९० अंशांना. त्यांची वाफ हवेत येताच थंडावते आणि तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. पांढरा लोट दिसतो तो या थेंबांचा. म्हणजे मुलगा म्हणत होता ती पाण्याची वाफ तर ही नव्हेच. आणि हे स्वाद खाण्याच्या जिनसांत चालतात म्हणून छातीतही चालतील, असे नाही. दुधाचेच पाहा ना. पोटात गेले तर पोषण होते, श्वासनलिकेत गेले तर जीव घाबरा होतो.

आता निरांजनाकडे परत येऊ. वात सुकली की काय होते? उष्णतेला उकळायला द्रव उरत नाही. तारेचे तापमान एकदम चढते, कापूस करपतो आणि उरलेसुरले ग्लिसरीन फुटून त्याचे ॲक्रोलीन होते. फोडणीचे तेल फार तापून धुरावले की डोळ्यांना झोंबते आणि घशात ठसका बसतो, त्यात हेच ॲक्रोलीन असते. शिवाय फॉर्माल्डिहाइड तयार होते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक बरणीत टिकवतात ते फॉर्मलिन म्हणजे याचेच पाण्यातले द्रावण. शेजाऱ्यांच्या मुलाने नंतर सांगितलेच, "हल्ली ओढलं की करपल्यासारखं लागायचं."

वात सुकण्याची कारणे पुष्कळ आहेत आणि ती सगळी वापरण्यातली आहेत. द्रव घट्ट असला, किंवा थंडीने घट्ट झाला, की तो वातीत सावकाश चढतो. नवी कॉइल बसवल्यावर वात पुरती भिजण्याआधीच कळ दाबली, तर पहिल्याच दमाला ती करपते. लागोपाठ झुरके मारले की वातीला पुन्हा ओली व्हायला उसंत मिळत नाही. टाकीत तळाशी थेंबभर उरले असताना ओढले तरी तेच. तारेला झेपत नाही इतकी वीज दिली तरी तेच. गोडीची तऱ्हा आणखी निराळी आहे. गोडी वाफ होऊन उडून जात नाही. गुऱ्हाळातल्या काहिलीच्या बुडाला पाक लागावा तशी ती तारेवर लागते आणि काळी होते. म्हणून कॉइल काही दिवसांतच, फार तर दोन-तीन आठवड्यांत निकामी होते आणि बदलावी लागते. तिच्यावर ओहमचा आकडा असतो. तो बॅटरीशी जुळला नाही तर एक तर ती नीट तापत नाही, नाही तर भलतीच तापते.

टाकीचेही तसेच. झाकणाला आणि बुडाला रबरी कडी असतात. ती झिजली की द्रव पाझरतो, खिशात सांडतो, हाताला लागतो. निकोटीन कातडीतून अंगात भिनते. निपाणी भागातल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको, कारण तंबाखूच्या ओल्या पानांत काम केले की घेरी येते आणि मळमळते ते यामुळेच. मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन असलेली १० मिलिलिटरची बाटली घेतली तर तीत २०० मिलिग्रॅम निकोटीन झाले. आंब्याच्या वासाची ही रंगीत बाटली रांगत्या पोराच्या हाती लागली, तर प्रसंग जिवावर बेततो.

तारेचीही झीज होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली ५६ वापरणाऱ्यांची यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू फार थोडे होते. पण तोच द्रव तापलेल्या कॉइलवरून गेल्यावर त्यात शिसे, क्रोमियम आणि निकेल यांचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळले.

हे सर्व मी त्या मुलाला सांगितले. सहकाऱ्यांनी कॉइल कापून आतली वात पांढऱ्या कागदावर ठेवली. ती डांबरासारखी काळी होती. मुलगा हुशार. म्हणाला, "सर, ही खराब झाली म्हणून. नवी घातली की काही होत नाही."

मी म्हटले, "बरं. मग खराब झाली हे तुला कशावरून कळतं?"

"चवीवरून."

"आणि चव कधी लागते?"

तो गप्प झाला. श्रोते हो, सगळ्या विषयाचे मर्म येथे आहे. घासलेटचा स्टोव्ह आठवून पाहा. त्याचीही निगा लागे, बर्नरमध्ये पिन घालावी लागे, वॉशर बदलावा लागे. पण स्टोव्ह बिघडला की ज्योत पिवळी होई आणि काजळी भांड्याच्या बुडाला धरे. ती बाहेर, डोळ्यांपुढे असे. गृहिणी लगेच म्हणे, "अगोबाई, पिन मारायला हवी." या यंत्राचा बिघाड दाखवणारे भांडे म्हणजे माणसाची छाती. करपल्याची चव जिभेला लागते तेव्हा तो झुरका आत जाऊन चुकलेला असतो. आणि थोडेसे करपले तर चवही लागेलच असे नाही. वरचा आंब्याचा स्वाद ती झाकून टाकतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये सिगारेट सुटत नाही अशा प्रौढ माणसाला तिच्याऐवजी हे यंत्र वापरण्याचा सल्ला देतात. जळत्या तंबाखूतले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड याहून घातक, हे खरेच आहे. परंतु तिथे टाकी २ मिलिलिटरहून मोठी नसावी, निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून जास्त नसावे, असा कायदा आहे आणि विकणारा जबाबदार धरला जातो. शिवाय ज्याने सिगारेट कधी ओढलीच नाही त्या पंधरा वर्षांच्या पोराने कशाच्या ऐवजी हे ओढायचे? एका वाईटाऐवजी दुसरे कमी वाईट, हा युक्तिवाद त्याला लागूच होत नाही.

आपल्याकडे तर हा व्यापारच बेकायदा आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात यांना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. साठ्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे बाजारात जे चोरून येते, त्याच्या तारेवर, द्रवावर, बॅटरीवर कोणाचा शिक्का नाही. बेनामी मालाने काय होते हे २०१९ साली अमेरिकेत दिसले. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण फुफ्फुसाच्या आजाराने रुग्णालयात गेले वा दगावले. त्यांत मृत्यू ६८ होते. मुख्य कारण निघाले ते गांजाच्या अर्काच्या चोरट्या द्रवांत मिसळलेले ई-जीवनसत्त्वाचे एक तेलकट रूप. बाटलीत काय आहे हे ओढणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक होते?

तेव्हा पालकांनी आणि शिक्षकांनी काय करावे? ही वस्तू पेनासारखी, पेन ड्राइव्हसारखी, कधी लिपस्टिकसारखीही दिसते. दप्तराला, खोलीला कारण नसताना गोड फळासारखा वास येणे, सारखा कोरडा खोकला, ही खूण समजावी. पण केवळ खुणेवरून आरोप करू नये. वर्गापुढे झडती घेऊन मुलाला लाजवू नये. लाजलेला मुलगा वस्तू सोडत नाही, लपवायला शिकतो. वस्तू सापडली तर ती चुलीत टाकू नये, कारण लिथियमची बॅटरी आगीत फुटते. द्रव हाताला लागला तर साबणाने धुवावा. लहान मुलाच्या पोटात गेला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि विकणाऱ्याची माहिती पोलिसांना द्यावी. अपराधी तो आहे. मुलगा त्याचे गिऱ्हाईक आहे.

वर्गात मुलांना दोन निरांजने लावून दाखवा, एकात तूप पुरेसे आणि एकात थेंबभर. दहा मिनिटे थांबा आणि मग बोला. तासभराच्या उपदेशाहून एक करपलेली वात अधिक सांगून जाईल.

शेवटी एक गोष्ट आपल्याविषयी. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के निघाले, तर तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणारे २४.४ टक्के. हे यंत्र नवे असेल, पण निकोटीन आपल्या घरात जुनेच आहे. त्या दिवशी निघताना मुलगा वडिलांच्या खिशाकडे पाहून हळूच म्हणाला, "आणि बाबा, तुमची पुडी?" शेजाऱ्यांनी उत्तर दिले नाही. दोन दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "सर, आम्ही दोघांनी मिळून फोन केला." तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत दूरध्वनी आहे, १८००-११-२३५६. पहिले काही आठवडे चिडचिड होते, झोप लागत नाही, कशात लक्ष लागत नाही. हे ओसरते, असे घरच्यांनी त्या माणसाला रोज सांगत राहावे लागते.

बापलेकांची ही लढाई अजून चालू आहे. मुलाचा खोकला मात्र कमी झाला आहे.